शेठाणीचा रंग

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं अक्षर दिसत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे कागदावर लिहितो.

टाकी पोचली. जावईबापूंनी टेंपोत गाद्या घालून आणली, काचेला ओरखडासुद्धा नाही. मासे मात्र पिशवीत हिंदकळून अर्धमेले झाले होते. पिशवी तशीच टाकीत तरंगत ठेवली, वाटीवाटीने टाकीतलं पाणी तिच्यात घालत गेलो आणि मगच दोघांना सोडलं. जावईबापू म्हणाले, एकदम ओतून टाका की मामा. मी म्हटलं, तुम्हाला उबदार अंथरुणातून उचलून विहिरीत टाकलं तर चालेल का? हसले, पण चहा न घेताच गेले.

शेठाणी आल्या आल्या समुद्रफुलाच्या मऊ, हलत्या बोटांत तोंड खुपसून बसली. आता फिरते. भाऊजींनी नावं चपखल ठेवली होती. ही पुढे, आणि कारकून दोन बोटं मागे, मान खाली घालून. ती वळली की तो आधी बाजूला होतो, मग वळतो. आमच्या गॅरेजमध्येही असा एक आहे, फक्त त्याला पगार मिळतो.

लेकीकडे राहायला निघताना तू एकच म्हणालीस, ह्यांनी ठेवली तशी ठेव. म्हणून पहिलं काम केलं ते शेठाणीचा रंग उतरवून घेण्याचं. फोटोवर माझा विश्वास नाही, टाकीच्या निळसर दिव्यात मोबाइल वाटेल ते दाखवतो. गॅरेजमधून पत्र्याचा तुकडा आणला, शेड मारली, दिवसाच्या उजेडात काचेला लावून धरली. नाही जुळली. परत मिसळली. केशरीत थोडा पिवळा, आणि सुईच्या टोकावर मावेल इतका तपकिरी घातला तेव्हा बसली. तो तुकडा सोबत पाठवतोय, खिडकीत ठेव. रंगाचं शिक्षण मला कोणी दिलेलं नाही. पण गाडीचं दार बदलून रंगवल्यावर मूळचं कुठलं आणि नवं कुठलं हे मालकालाही सांगता येत नाही, असा हात या शहरात एकाचाच आहे, हे तुला ठाऊक आहे.

एक सुधारणा केली. भाऊजींच्या मागे राहिलेल्या सामानात एक डबा निघाला. त्याला नाव नाही, गाव नाही, आत लालभडक भुकटी. बोट लावलं तर बोट लाल. असली रंगवलेली चीज मी मुक्या जिवाला घालणार नाही. फेकून दिली. आता कोळंबी आणि शिंपल्याचा ताजा चुरा स्वतःच्या हाताने करून घालतो. भाऊजी भाबडे, दुकानदार गळ्यात मारेल ते घ्यायचे.

तब्येतीला जप.

तुझा धाकटा


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद. तुकडा मिळाला. लेकीला वाटलं नेलपॉलिशचा नमुना आलाय. मी खिडकीत ठेवला. सकाळचं ऊन त्याच्यावर पडतं तेव्हा चहा तिथेच घेते. अगदी तीच रे. कल्ल्याजवळ जसा उजळ होता तसाच.

इथे सगळं चांगलं आहे. ऐकू येत नाही म्हणून सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात, आणि मोठ्याने बोलायला दम लागतो म्हणून थोडंच बोलतात. नातू येऊन पाटीवर लिहून दाखवतो, "आजी जेवण." तेवढंच दिवसाचं संभाषण.

ह्यांचं सामान वाटून टाकलं. कोट जावयाला बसला. घड्याळ लेकीने घेतलं. चष्मा कोणाच्याच कामाचा नव्हता. जिवंत म्हणावं असं मागे एवढंच राहिलं, त्यांचा हात ओळखणारी एक मासळी. ह्यांनी बोट पाण्यात घालायचं, तिने चावायचं, ह्यांनी ओय करायचं. वर्षानुवर्षं रोज तेच, आणि दोघांनाही त्याचा कंटाळा नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी आपली येता-जाता म्हणायचे, हा केशरी रंग बघितला की घरात दिवा लावल्यासारखं वाटतं.

भुकटीचं तुझं तू बघ. पण तिला काही होऊ देऊ नकोस. माणूस गेलं ते गेलं, आता ही जाताना मला बघवायची नाही. तू फार शहाणा आहेस, तेवढीच काय ती काळजी वाटते.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. मधली पत्रं तुला कोरडी वाटली असतील. कारण आहे. एक गोष्ट बघत होतो आणि खात्री झाल्याशिवाय लिहायची नव्हती.

शेठाणीचा रंग बदलतोय. आधी पाठीवरच्या पंखाखाली सावली पडल्यासारखं दिसलं. मला वाटलं दिव्याची सावली असेल. दिवा हलवला, सावली हलली नाही. मग ती खाली उतरत गेली. आता पाठ आणि कुशी काळपट तपकिरी आहेत. पोटाखाली आणि तोंडाशी केशरी आहे, तोही पूर्वीसारखा पेटलेला नाही, विटलेला आहे. पांढरे पट्टे जागच्या जागी आहेत.

घाबरू नकोस. आजार असता तर कल्ले जोरात हलले असते, अंगावर बुरशी आली असती, खाणं सुटलं असतं. तसं काही नाही. खाते, कारकुनाला दटावते, मला चावते. पाणी तपासलं, खारटपणा बरोबर, ऊब बरोबर. मग वाचायला बसलो. सापडेल ते वाचलं, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. या जातीच्या मादीला वय झालं की रंग असा गडद होऊ शकतो. माणसाचे केस पिकतात, हिचं उलट, ही काळवंडते. भाऊजींनी ती आणली तेव्हा तुझी लेक शाळेत होती. म्हणजे बाई आता म्हातारी झाली, एवढंच.

माझ्याकडून काही लपवलं जाणार नाही असं ठरलं होतं, म्हणून आजच्या रंगाचा नवा तुकडा पाठवतो. पाठीचा आहे. जुळायला त्रास झाला, कारण तो एक रंग नाही, केशरीवर तपकिरी धूर बसावा तसा आहे. पण जुळला.

तुझा धाकटा


३ सप्टेंबर

धाकट्या,

तुझा दुसरा तुकडा पाहिला आणि हातातून पडला. गंजलेला पत्रा पाठवलास असं वाटलं.

लेकीने तुझ्याकडून मोबाइलवर फोटो मागवला तो माझ्या सांगण्यावरून, तुला तिने ते सांगितलं नाही. तिने मोठा करून दाखवला. मी चष्मा पुसून पुसून बघितला. ही ती नाही.

मी त्या टाकीसमोर संसार केलाय. शेवटच्या वर्षी हे अंथरुणाला खिळले तेव्हाही पलंग टाकीसमोरच होता आणि ती तशीच होती, केशरी. यांच्या हाती इतकी वर्षं तिचा रंग कणभर ढळला नाही आणि तुझ्याकडे गेली तर सहा महिन्यांत म्हातारी झाली? असं कसं होईल रे? तूच सांग.

मला वाटतं ते लिहिते. ती मेली. तू मला सांगायला धजला नाहीस आणि दुकानातून दुसरी आणून सोडलीस. तुझा धंदाच तो आहे. एकाच्या गाडीला दुसऱ्याचं दार बसवायचं आणि वरून असा हात फिरवायचा की मालकाला मूळचंच वाटावं. तूच सांगत असतोस ना चारचौघांत? तसंच केलंस, फक्त या वेळी तुला रंग साधला नाही, म्हणून वयाची गोष्ट रचलीस.

तुझा हेतू वाईट नसेल. बहिणीला दुःख नको म्हणून केलं असशील. पण काचेच्या पेटीत परकी मासळी ठेवून ती यांची आहे असं मला सांगणं, ही माया नाही.

खरं काय ते एकदा लिही. मी रागावणार नाही.

ताई


११ सप्टेंबर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कोणाला लिहिलेलं चुकून माझ्या पाकिटात पडलं.

धंद्याच्या भाषेत बोललीस, धंद्याच्याच भाषेत ऐक. बदलायची असती तर मी रंग जुळवून आणली असती. मी, ताई. खिडकीतल्या तुकड्याशी तंतोतंत जुळणारी मिळेपर्यंत दुकानं पालथी घातली असती, आणि तुलाच काय, भाऊजी वरून उतरून आले असते तर त्यांनाही कळलं नसतं. जुळत नाही, हाच पुरावा आहे की ती तीच आहे. खोटं काम कधी वेगळं दिसत नाही. वेगळं दिसलं तर ते खोटं कसलं?

आणि लपवायचं होतं तर काळपट रंगाचा तुकडा स्वतःहून कोण पाठवतं? चोर कधी पावती देऊन जातो का?

इतक्या वर्षांत कोणाच्या गाडीचा खिळा मी मागे ठेवून घेतला नाही. भाऊजींच्या शेवटच्या आजारात दर रविवारी येऊन टाकीचं पाणी बदलून जात होतो, तेव्हा हा भाऊ चालत होता. आता तो रचून गोष्टी सांगणारा झाला.

ये आणि बघ. पाण्यात बोट घाल. गुडघ्यांचं सांगू नकोस, जावयाच्या मावसभावाच्या लग्नाला तेच गुडघे घेऊन गेली होतीस. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघेपर्यंत मी यावर एक अक्षर लिहिणार नाही.

तुझा भाऊ


२ ऑक्टोबर

चि. भावास,

मी रागावणार नाही म्हटलं होतं आणि रागावलेही नाही.

मी येणार नाही. येऊन बघितली आणि ती नसली तर मला ती दोनदा गेल्यासारखं होईल. माझ्या लेखी ती ह्यांच्या मागोमाग गेली. तुझ्याकडे जी आहे तिला सुखात ठेव, तिचा काही दोष नाही.

माशांविषयी यापुढे लिहू नये.

ताई


२० जानेवारी

ताई,

लिहू नये म्हणालीस, तरी लिहितो. हे वाचून मग हवं तर फाड.

टाकीसाठी मीठ मी घाऊक पेठेतून आणायचो. भाऊजी ज्या माशांच्या दुकानातून सामान घ्यायचे त्याची पायरी चढायची नाही असं मीच ठरवलं होतं, कारण तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने त्यांना रंगवलेली भुकटी विकली हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. गेल्या आठवड्यात पेठेतलं दुकान बंद झालं, म्हणून नाइलाजाने गेलो. म्हाताऱ्याने नाव विचारलं नाही. म्हणाला, तुम्ही त्यांचे मेहुणे, केशरीवाल्यांचे. मी म्हटलं, माशाच्या रंगावरून म्हणता? तो म्हणाला, नाही हो, केशरी आणणाऱ्या खाऊवरून.

मग त्याने कपाटातून मी फेकला तसलाच डबा काढला, फक्त नावाचा कागद लावलेला. भुकटीत झिंग्यांच्या टरफलांचा अर्क असतो, त्याने केशरी वर येतो. भेसळ नाही, विष नाही. समुद्रात त्यांच्या खाण्यात ते आपोआपच येतं. माझ्या हातच्या ताज्या चुऱ्यात टरफल सोलून टाकलेलं, त्यामुळे ते नव्हतं. मी इतकं वाचलं, शब्दकोश लावून वाचलं, आणि नेमकं हे वाचलं नाही, कारण तो डबा वाईट हे मला आधीच माहीत होतं.

पुढचं सांगायचं की नाही याचा बराच विचार केला. शेठाणी माझ्याकडे येऊन म्हातारी झाली नाही. ती भाऊजींकडेच झाली होती. म्हातारा सांगत होता, पाठीवर पहिली सावली पडली तेव्हा भाऊजी घाईघाईने दुकानात आले होते. त्याने सांगितलं, वय आहे, थांबवता यायचं नाही, फार तर भुकटीचा हात वाढवला तर केशरी वर राहील आणि सावली झाकली जाईल. तेव्हापासून ते डबा चुकवत नव्हते. चालता येईना तेव्हा शेजारच्या मुलीकडून मागवायचे. म्हाताऱ्याने एकदा विचारलं, इतका खटाटोप कशासाठी? मासळीला तर काही फरक पडत नाही. तर भाऊजी म्हणाले, "आमच्या मंडळींना तिचा केशरी रंग आवडतो. म्हातारपण आलंय, पण घरी कशाला कळायला हवं?"

म्हणजे तू म्हणालीस ते अर्धं बरोबर होतं. रंग जुळवणारा एक माणूस आपल्या घरात होता. तो मी नव्हतो.

मी डबा विकत घेतला. अजून उघडलेला नाही. तो घातला तर दोन-तीन महिन्यांत तुझ्या ओळखीचा केशरी बराचसा परत येईल, असं म्हातारा म्हणतो. मग तू येशील, बघशील, आणि ही तीच म्हणशील. पण मग मी तिला रंगवूनच तुझ्यासमोर उभी केली असं होईल, आणि तोच आरोप तू माझ्यावर केला होतास. न घालावा तर भाऊजींनी इतकी वर्षं जपलेलं मी मोडलं ते मोडलेलंच राहतं. मला ठरवता येत नाही. पहिल्यांदाच असं होतंय की रंग कुठला हवा हे मला कळत नाही. तू सांगशील तसं करीन. उत्तर येईपर्यंत डब्याला हात लावत नाही.

ती अलीकडे समुद्रफुलातून फारशी बाहेर येत नाही. खाणं थोडं कमी झालंय. लवकर लिही.

धाकटा


१४ एप्रिल

धाकट्या,

तुझं जानेवारीचं पत्र मी काल फोडलं.

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि उशीखाली सारलं. मनात म्हटलं, हा परत चोर आणि पावतीच्या गोष्टी सांगणार. याचं दुसरं पत्र येईल, त्यात तो नमेल, मग दोन्ही एकदम वाचीन. दुसरं आलंच नाही. तू माझ्या उत्तरासाठी थांबलास आणि मी तुझ्या माफीसाठी. आपण दोघं एकाच आईची, दुसरं काय.

काल लेकीने पलंगपोस बदलला, तेव्हा ते खाली पडलं. तिने विचारलं, आई हे बंद कसं? मला लाज वाटली म्हणून तिच्यासमोरच उघडलं.

तिला मोठ्याने वाचून दाखवलं. मंडळींना केशरी आवडतो, तिथे आले आणि मला पुढे वाचता येईना. मग तिने पाटी घेतली आणि लिहिलं, "बाबांचे केस."

तुला माहीत आहे, शेवटपर्यंत त्यांचे केस काळे होते. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, साठी उलटली तरी हौस गेली नाही माणसाची. लेकीने काल सांगितलं, हात थरथरायला लागले तेव्हा ते तिच्याकडून कलप लावून घ्यायचे, मी बाजारात गेले की. वास जावा म्हणून खिडक्या उघडायचे. तिने एकदा म्हटलं, बाबा आता कोण बघतंय? तर म्हणाले, तुझी आई. कारण लग्नानंतर केव्हातरी, आमच्या शेजारच्या काकांना बघून मी म्हटलं होतं, केस पिकले की माणूस परका वाटायला लागतो. मी बोलून विसरले. मला आठवतसुद्धा नाही रे. उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि त्या माणसाने ते जन्मभर धरून ठेवलं.

किती दमले असतील. मला परकं वाटू नये म्हणून एवढ्या दुखण्यात आरशासमोर बसायचे, आणि मी आतून ओरडायचे, चहा गार होतोय.

डबा उघडू नकोस. तिला आता कोणासाठी नटायची गरज नाही. आहे तशी मला बघायची आहे. तुझ्या त्या धुरकट तपकिरीत बघायची आहे, आणि तिला सांगायचं आहे की मला चालतेस. जे त्यांना सांगायचं राहिलं ते निदान तिला सांगेन. ऐकू मला येत नाही, तिला येत नसेल, फिट्टंफाट.

महिनाअखेरच्या शनिवारी सकाळच्या बसने येते. जावई तिकीट काढून देतोय. दुपारी पोचेन. तुझ्याविषयी जे लिहिलं ते समोर बसून मागे घेईन, कागदावर नाही.

ताई


२२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. शेठाणी त्याच्या आधीच्या रविवारी गेली.

तुला आधी कळवता आलं असतं. पण तू लिहू नये म्हणाली होतीस आणि तुझं उत्तर आलं नव्हतं. माझी समजूत अशी झाली होती की तू पत्र वाचलंस, आणि तुला काही म्हणायचं नाही. मग कोणाला कळवायचं? म्हणून गप्प बसलो.

त्रास झाला नाही. शेवटच्या दिवसांत ती तळाशी वाळूवर टेकायची. मी चुरा चिमटीत धरून तोंडाशी न्यायचो, तेव्हा घ्यायची. कारकून दोन बोटं मागे न राहता तिच्या कुशीला चिकटून पंख हलवत बसायचा, तिच्या अंगावर पाणी खेळतं राहावं म्हणून, असं मला वाटलं. पुस्तकात तसं काही लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी ती हलत नव्हती आणि तो तसाच पंख हलवत होता.

डबा सीलबंद आहे. तू आली असतीस तर ती तुला तपकिरीच दिसली असती. मला वाटायचं, तुझी जीभ कडू असली तरी बोटाला चावली की तू ओळखशील. जानेवारीतच स्वतः येऊन तुला गाडीत घालून आणायला हवं होतं. पण मी पत्रात मुद्दे मांडत बसलो, आणि उत्तराची वाट बघण्यात मला मोठेपणा वाटला.

तरी ये. तिकीट रद्द करू नकोस. आता बघायला इथे कारकून आहे. म्हातारा दुकानदार सांगतो, जोडीतली मादी गेली की हाच हळूहळू मादी होतो, वाढतो. सध्या तो टाकीभर एकटा फिरतो आणि वळण्याआधी अजून बाजूला होतो.

आणि एक सांगून ठेवतो, म्हणजे स्टँडवर तुझी तारांबळ उडायला नको. मला गेल्या पावसाळ्यात साखर निघाली. पत्रात लिहिलं नाही, कारण आपलं तेव्हा भांडण चालू होतं आणि भांडणात दुखणं काढलं की ते वकिली वाटतं. अंगावरचं मांस उतरलंय. पुढचे दात काढले, कवळी अजून बसलेली नाही. केस सगळे पांढरे झालेत आणि मी त्यांना काही लावत नाही. तू निघालीस तेव्हाचा जो भाऊ तुझ्या डोळ्यांसमोर असेल, तो गर्दीत शोधू नकोस, सापडणार नाही.

बस थांबते तिथे, पाण्याच्या नळाजवळ मी उभा असेन. मी हाक मारून उपयोग नाही, तुला ऐकू जाणार नाही. उतरल्यावर जागची हलू नकोस. सगळे जाऊ देत. मग जो म्हातारा तिथे उरेल, त्याच्याकडे नीट बघ.

धाकटा